माणसाला लस, जनावराला लस, मग पपईला का नाही?

प्रश्न शहादा तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा आहे. थोडक्यात असा: "तीन एकर पपई, रेड लेडी. सलग दुसऱ्या वर्षी व्हायरस आला. शेंडा पिवळा, पाने दोरीसारखी, फळांवर गोल रिंगा. दुकानदाराने दिलेले सगळे फवारून झाले. कोविडची लस वर्षभरात आली, लम्पीच्या वेळी आमच्या गायींना लस टोचली. पपईचा व्हायरस तर आजोबांच्या काळापासून आहे म्हणतात. मग झाडाला लस का नाही? शास्त्रज्ञ करतात तरी काय?"

भाऊ, तुमचा राग रास्त आहे. माझे कामाचे आयुष्य वनस्पती रोगशास्त्रात गेले, त्यातला मोठा काळ पिकांच्या विषाणूंवर, आणि अजूनही बागा बघायला जातो. तुमच्या प्रश्नात मला दोन प्रश्न दिसतात. झाडाला लस का देता येत नाही, हा एक. दुसरा तुम्ही लिहिलेला नाही, पण खरा तोच आहे: पुढच्या लागवडीत हे टाळायचे कसे. पहिल्याचे उत्तर नीट कळले की दुसऱ्याचे अर्धे हाती येते, म्हणून त्याच क्रमाने जातो.

त्याआधी एक खात्री करून घ्या. पाने दोरीसारखी झाली म्हणजे रिंगस्पॉट (फळांवर गोल रिंगा पाडणारा) व्हायरसच, असे नसते. शेजारच्या उसात किंवा मक्यात टू-फोर-डी तणनाशक मारले आणि वारा तुमच्याकडे असला, तरी पपईची कोवळी पाने अशीच लांबट, अरुंद होतात. कोळी ही बारीक, रस शोषणारी कीड लागली तरी शेंडा आखडतो. पाने खालच्या बाजूला वळून वाटीसारखी झाली, शिरा जाड झाल्या, तर तो चुरडा-मुरडा. तो पांढऱ्या माशीतून येतो आणि त्याचा व्हायरस वेगळा. रिंगस्पॉटची ओळख पटवायची तर देठ आणि खोडाचा वरचा हिरवा भाग बघा. तिथे पाण्यात किंवा तेलात भिजल्यासारख्या गडद रेषा दिसतात. त्या रेषा आणि फळावरच्या रिंगा, दोन्ही असतील तर शंका उरत नाही. तुमच्या वर्णनात रिंगा आहेत, म्हणून पुढचे सगळे रिंगस्पॉट धरून लिहितो.

आता लस. लस माणसाच्या किंवा गायीच्या रक्तात काय करते? शरीरात काही पेशी सतत फिरत असतात. त्यांना रोगजंतूचा एखादा निरुपद्रवी तुकडा आधीच दाखवला की त्या तो ओळखून ठेवतात, त्याच्यापुरती प्रतिपिंडे (अँटीबॉडी) बनवायला शिकतात, आणि त्यातल्या काही पेशी ती आठवण वर्षानुवर्षे जपतात. खरा जंतू आला की तयारी आधीच असते. म्हणजे लसीला दोन गोष्टी लागतात: फिरत्या पेशी आणि नेमकी आठवण.

झाडाकडे यातले काहीच नाही. झाडाला रक्त नाही, फिरणाऱ्या पेशी नाहीत, प्रतिपिंडे नाहीत. आपल्या शरीरात गस्त घालणारे शिपाई असतात. झाडात मात्र प्रत्येक घर आपापल्या दाराला आपणच कडी लावते. त्यामुळे झाडाला सुईने काहीही टोचले तरी माणसासारखी प्रतिकारशक्ती तयार होत नाही. पपई तर यातही दुबळी. २००८ साली पपईचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा रोग ओळखणाऱ्या जनुकांच्या मुख्य गटातली अवघी ५५ जनुके तिच्यात सापडली. प्रयोगशाळेत वाढवतात त्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या इवल्याशा रोपात तशी सुमारे २०० असतात.

म्हणून झाड निमूट मार खाते असे समजू नका. १९६१ मध्ये अमेरिकेत रॉस यांनी तंबाखूवर दाखवले की एका पानाला विषाणूने डाग पाडले की त्याच झाडाची दुसरी, निरोगी पाने पुढच्या हल्ल्याला जास्त तयार असतात. १९७९ मध्ये इंग्लंडमध्ये व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत चक्क अ‍ॅस्पिरिन टोचले आणि त्या पानांवर विषाणूचे डाग कमी पडले. झाडातला निरोप्या सॅलिसिलिक आम्ल आहे, हे त्यानंतर उलगडत गेले. आज बाजारात "झाडाची प्रतिकारशक्ती वाढवणारे" म्हणून जे काही विकले जाते, त्यातल्या प्रामाणिक मालाचा आधार हे संशोधन आहे. पण ही जाग ढोबळ असते. ती एका ठराविक विषाणूसाठी नसते, काही दिवसांनी ओसरते, आणि सतत जागे राहायला झाडाला वाढीतली ताकद खर्चावी लागते. बुरशी किंवा जिवाणूवर तिचा थोडा उपयोग दिसतो. रिंगस्पॉट लागलेली पपई तिने बरी होत नाही. ज्या बाटलीवर "व्हायरस बरा करते" असे लिहिले आहे, ती विकत घेऊ नका. लागण झालेल्या पपईतून हा व्हायरस काढून टाकणारे फवारणीचे औषध आज जगात कुठेच नाही. विषाणू पेशीच्या आत, पेशीचीच यंत्रणा वापरून वाढतो. त्याला मारायला निघालेले रसायन आधी पेशीला मारते.

तरीही, लसीच्या कल्पनेला अगदी जवळची एक गोष्ट झाडांत घडते, आणि तुमच्या लम्पीशी तिचे नाते आहे. २०२२ मध्ये आपल्या गायींना जी लस टोचली ती लम्पीची नव्हती, शेळ्यांच्या देवीची होती. दोन्ही विषाणू भाऊबंद, म्हणून एकाची ओळख दुसऱ्यावर चालली. झाडांत असेच काही असावे, याचा पहिला पुरावा १९२९ चा. मॅकिन्नी या अमेरिकन शास्त्रज्ञाला दिसले की तंबाखूला सौम्य मोझॅक (पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणारा विषाणूरोग) आधी झालेला असला, तर त्याच विषाणूचा पिवळा, जहाल प्रकार तिथे जम धरत नाही. रस्ता वेगळा, परिणाम लसीसारखा.

ही युक्ती पुढे खरोखर शेतात गेली. ब्राझीलमध्ये ट्रिस्टेझा विषाणूने संत्र्याच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी सौम्य प्रकार शोधून काढले आणि ते आधीच बसवलेली कलमे शेतकऱ्यांना दिली. साओ पाउलो राज्यात अशी लाखो झाडे लागली. युरोपात हरितगृहातल्या टोमॅटोला पेपिनो मोझॅक विषाणूचा सौम्य प्रकार रोपपणीच देतात. २०१५ पासून त्याला तिथे रीतसर परवानगी आहे. झाडाची लस म्हणायचे तर ती हीच.

मग पपईला? केली होती. हवाईच्या रिंगस्पॉट विषाणूवर नायट्रस आम्लाची प्रक्रिया करून त्याचा सौम्य प्रकार तयार झाला आणि १९८० च्या दशकात हवाई आणि तैवान या दोन्ही ठिकाणी तो बागांत वापरून पाहिला. थोडे यश आले, पण टिकले नाही. सौम्य प्रकारानेही काही जातींच्या पानाफळांवर लक्षणे यायची. आजूबाजूला रोगट झाडे जास्त असली की जहाल विषाणू हे संरक्षण मोडून आत शिरायचा. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हवाईचा सौम्य प्रकार तैवानच्या विषाणूसमोर कमी पडायचा. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा लागणार आहे.

यानंतर जे घडले ते मला आमच्या शास्त्रातले सर्वांत मोलाचे काम वाटते. डेनिस गोन्साल्विस मूळचे हवाईचे, कॉर्नेल विद्यापीठात काम करणारे. त्यांच्या गटाने त्याच सौम्य प्रकाराच्या आवरणातल्या प्रथिनाचे जनुक घेतले आणि ते पपईच्या पेशींत बसवले. पूर्ण विषाणू द्यायचा नाही, त्याची फक्त एक खूण झाडात कायमची ठेवायची. रोपे प्रयोगशाळेत तयार होत असताना हवाईची बहुतेक पपई पुना या जिल्ह्यात होती आणि तिथे रोग नव्हता. मे १९९२ मध्ये तो पुनात सापडला. रोगट झाडे तोडायची मोहीम झाली, ती हरली. सहा वर्षांत तिथले उत्पादन निम्म्यावर आले. १९९५ पासून पुनात चाचणीचे शेत उभे होते: बाजूची साधी झाडे पिवळी, खुरटलेली, आणि मधे नव्या पपईचा हिरवागार चौकोन. १९९८ मध्ये रेनबो या वाणाचे बी शेतकऱ्यांना वाटले गेले आणि हवाईची पपई वाचली.

हे का चालले, हे पुढे उलगडले. आरएनए म्हणजे ज्यात अशा विषाणूची जनुके लिहिलेली असतात तो रेणू. झाडाच्या पेशीला परक्या आरएनएचे तुकडे करण्याची आणि त्या तुकड्यांवरून तसाच आरएनए पुन्हा ओळखण्याची एक जुनी यंत्रणा आहे. इंग्लंडमध्ये डेव्हिड बॉलकोम्ब आणि हॅमिल्टन यांनी १९९९ मध्ये ते छोटे तुकडे झाडात दाखवून दिले. रिंगस्पॉटच्या कुळातले विषाणू मात्र आत शिरल्यावर एक प्रथिन बनवून ही यंत्रणाच बंद पाडतात. म्हणजे झाड आणि विषाणू यांच्यात शर्यत असते: विषाणू आधी पोचला तर तो जिंकतो, यंत्रणा आधी जागी असेल तर झाड जिंकते. रेनबो पपईत ती कायम जागी असते. तुमच्या बागेत लक्षणे दिसेपर्यंत दोन-तीन आठवडे उलटलेले असतात. त्यामुळे लक्षणानंतर केलेला कोणताही उपाय शर्यत संपल्यावरचा असतो.

तुम्ही विचाराल, मग रेनबोचे बी आणा ना. दोन अडचणी आहेत. एक मघाचीच: हे संरक्षण ज्या विषाणूच्या खुणेवर बांधले, त्याच्याशी जुळणाऱ्या विषाणूवरच चालते. हवाईबाहेरच्या, थायलंड-तैवानकडच्या विषाणूंसमोर रेनबो टिकली नाही. चीनने त्यामुळे आपल्याकडच्या विषाणूवरून वेगळी पपई केली, तिला २००६ मध्ये परवानगी मिळाली. आपल्या देशातले रिंगस्पॉटचे प्रकार आपसातही बरेच वेगळे आहेत. दुसरी अडचण परवानगीची. भारतात शेतकऱ्याच्या शेतात व्यापारी लागवडीला आलेले जनुकबदल केलेले पीक म्हणजे २००२ चे बीटी कापूस. २०१० मध्ये बीटी वांगे थांबवले गेले, त्यानंतर त्या रस्त्याने फळपीक पुढे नेणे कुणाच्याही आवाक्यात राहिले नाही. यावर लोकांची मते वेगवेगळी आहेत आणि सावधपणाला माझा विरोध नाही. पण पपईसारख्या पिकाला याची किंमत मोजावी लागली, हे मला स्पष्टच सांगितले पाहिजे.

"कोविडची लस वर्षभरात आली" याबद्दलही बोलू. जानेवारी २०२० मध्ये विषाणूचा जनुकक्रम जाहीर झाला आणि डिसेंबरात लस टोचली गेली, हे खरे. पण २००३ च्या सार्सपासून त्या कुळाच्या विषाणूंवर काम चालू होते, आणि एमआरएनए लसीचा (कोविडच्या पहिल्या लसींतला एक प्रकार) पाया कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये घातला होता. वर्षभरात दिसले ते शेवटचे पाऊल. शिवाय सगळ्या जगाचा पैसा एका विषाणूमागे, एका प्राण्यासाठी उभा राहिला. आमच्याकडे प्रत्येक पीक वेगळे, प्रत्येक पिकाचे विषाणू वेगळे, आणि एकाच विषाणूचे जिल्ह्याजिल्ह्यात वेगळे चेहरे. महाराष्ट्रातल्या पपईच्या मोझॅकची पहिली नोंद कपूर आणि वर्मा यांनी १९४० च्या दशकात केली, म्हणजे आजोबांच्या काळापासून आहे हे तुमचे म्हणणे बरोबरच आहे. एक गोष्ट मात्र मनापासून सांगावीशी वाटते. विषाणू म्हणून काही असते हे जगाला आधी तंबाखूच्या पानांनी शिकवले, १८९० च्या दशकात. १९३५ मध्ये स्टॅन्ली यांनी विषाणूचे स्फटिक मिळवले तेही तंबाखूच्याच विषाणूचे. माणसांच्या लसींमागच्या शास्त्रात पिकांच्या रोगांवर काम करणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. त्या मानाने शेताच्या वाट्याला परत आले ते थोडे. तुमची तक्रार इथे मला पूर्ण पटते.

आता बागेत जाऊ. तुमच्या भागात काय होते ते नीट मांडतो. हा व्हायरस बियाण्यातून येत नाही. तो येतो रोगट पपईतून, मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडीच्या सोंडेवर बसून. मावा पपईवर वस्ती करत नाही, त्यामुळे तुम्हाला पाने उलटून पाहिली तरी तो दिसत नाही. पंख असलेला मावा उडत येतो, चव बघायला काही सेकंद सोंड खुपसतो, पपई आवडली नाही की पुढच्या झाडावर जातो. तेवढ्या सेकंदांत लागण होते. कीटकनाशक कितीही जहाल असले तरी माव्याला मरायला त्याहून जास्त वेळ लागतो. उलट काही औषधांनी तो बेचैन होऊन जास्त झाडांवर फिरतो. तुम्ही केलेल्या फवारण्या वाया का गेल्या, याचे कारण हे आहे. त्यात तुमचा हलगर्जीपणा काही नाही.

मग हा मावा वाढतो कुठे? तुमच्याकडे कपाशीवर, आणि काकडी, कलिंगड, खरबूज, भोपळा या वेलींवर. खानदेशात पपईच्या ओळींत कलिंगड किंवा खरबूज घेण्याची पद्धत आहे, पहिल्या महिन्यांचा खर्च निघतो म्हणून. हिशेबाने ते बरोबर दिसते. पण माझ्या पाहण्यात अशा बागांत व्हायरस लवकर शिरतो, आणि कारण उघड आहे: माव्याचे घर आपणच पपईच्या पायाशी बांधतो. तुम्ही आंतरपीक घेत असाल तर पुढच्या खेपेला कांद्यासारखे काही घ्या.

सगळ्यात आधी रोप. सहा-आठ आठवड्यांचे रोप उघड्यावर वाढले असेल तर ते शेतात येतानाच रोग घेऊन येऊ शकते आणि अशा झाडाचे फळ सहसा मिळत नाही. रोपवाटिका ४० ते ५० मेशच्या (इंचाला तेवढी छिद्रे असलेल्या) जाळीची हवी, दाराला दुहेरी पडदा हवा, आणि आसपास जुनी पपई नको. रोपे घ्यायला जाल तेव्हा रोपांपेक्षा आधी रोपवाटिकेच्या भोवतालची शेते बघा. या एका गोष्टीवर मी बाकी सगळ्यापेक्षा जास्त भर देतो.

लागवडीच्या महिनाभर आधी बांधाने मका किंवा ज्वारीच्या दोन-तीन दाट ओळी पेरा. बाहेरून येणारा मावा आधी तिथे उतरतो, तिथे सोंड खुपसतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच पुसला जातो. मका विषाणूला घर देत नाही. जमिनीवर अंथरलेल्या चंदेरी मल्चिंग पेपरवरून प्रकाश वर उसळतो, त्याने उडता मावा बिचकतो. झाडे लहान आहेत तोवर त्याचा उपयोग होतो, सावली पडली की संपतो. बागायती खनिज तेल एक टक्का फवारले तर सोंडेवरून विषाणू झाडात जाण्यात अडथळा येतो, पण ते दर आठवड्याला, नवीन शेंड्यावर, आणि उन्हाचा जोर नसताना. भर उन्हात फवारले तर पाने करपतात.

रोगट झाड उपटायचे की ठेवायचे, हे वेळेवर अवलंबून आहे. फळधारणेआधी आठवड्यातून एकदा ओळीने फिरा आणि देठावर तेलकट रेषा दिसलेले झाड त्याच दिवशी उपटा, मग ते कितीही जोमदार दिसो. फळे धरल्यानंतर लागण झाली आणि बागेतली बरीच झाडे गेली असतील, तर उपटून हाती काही लागत नाही. खतपाणी सांभाळून आहे ती फळे काढा. अन्नद्रव्यांनी व्हायरस जात नाही, पण भुकेले झाड लवकर बसते. मात्र तोडा संपला की ती बाग एक दिवसही उभी ठेवू नका. इथे तुमच्या एकट्याच्या हातात सगळे नाही. गावात बारा महिने कुठे ना कुठे पपई उभी असते, जुन्या बागेतून नव्या बागेत व्हायरस उतरत राहतो. शेजारची पाच-सहा शेते मिळून लागवड एका महिन्यात करतील आणि जुन्या बागा त्याआधी काढतील, तर कोणत्याही फवारणीपेक्षा जास्त फरक पडेल. ज्या गावांत हे जमले तिथे बागा फळापर्यंत पोचलेल्या मी बघितल्या आहेत; जिथे एकाच शेतकऱ्याने सगळे नियम पाळले, तिथे व्हायरस दोन-तीन महिने उशिरा आला. तेवढा उशीरही पपईत पैसे देऊन जातो, कारण फळधारणा पार पडते.

पुढे काय येऊ शकते तेही सांगतो, म्हणजे बातमी आली की तुम्हाला पारखता येईल. पुण्यात भारतीय कृषी अनुसंधान संस्थेच्या केंद्रावर रिंगस्पॉट सहन करणाऱ्या पपईच्या निवडींवर काम होत आले आहे. सहनशील म्हणजे रोग होतो, पण झाड फळ देते. पपईच्या रानटी नातलगांशी संकर करून प्रतिकार आणायचे प्रयत्न जुने आहेत, संकरित झाडे बहुधा वांझ निघतात म्हणून ते रेंगाळले. आरएनएचे तुकडे थेट पानावर फवारण्याचे प्रयोग चालू आहेत. उघड्यावर ते लवकर नष्ट होतात, म्हणून ऑस्ट्रेलियात नीना मित्तर यांच्या गटाने ते मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर चढवले आणि २०१७ मध्ये तंबाखूवर एका फवारणीत वीस दिवस संरक्षण दाखवले. आणि मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती जनुक संपादनाची. विषाणूला वाढायला झाडाचे स्वतःचे एक प्रथिन लागते. इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये काकडीत त्या प्रथिनाच्या जनुकात बारीकसा बदल केला आणि काकडी रिंगस्पॉटच्या वेलींवरच्या प्रकाराला दाद देईनाशी झाली. बाहेरचे जनुक शेवटच्या रोपात राहत नाही. भारताने २०२२ मध्ये अशा संपादनाच्या साध्या प्रकारांना जनुकबदल पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली आहे. पपईत हे व्हायला वेळ लागेल, कारण ऊतीसंवर्धनातून, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून, पपईचे रोप उभे करणे किचकट आहे.

तुमच्या बागेसाठी नेमके सांगायचे तर चार गोष्टी कळवा: लागवडीची तारीख, रोपे जाळीतली होती की उघड्यावरची, पहिले रोगट झाड कोणत्या बाजूच्या बांधाकडे दिसले, आणि त्या बाजूला तेव्हा काय उभे होते. सोबत देठाचा आणि कोवळ्या शेंड्याचा जवळून काढलेला फोटो, सकाळच्या उजेडात. त्यावरून ही बाग काढून टाकायची की फळे घेऊन मग काढायची, ते ठरवू.